१८९३ च्या प्रदर्शनामुळे शिकागो घडलं, हे कितपत खरं?

एका वाचकाने विचारलं आहे: "नोकरीमुळे शिकागोजवळ राहायला आलो आहे. १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाने हे शहर घडवलं, असं जिथे तिथे वाचायला मिळतं. ते खरं आहे का? त्यातलं आज काय उरलंय? सप्टेंबरमध्ये आई-बाबा येतायत. विवेकानंद जिथे बोलले ते सभागृह आणि प्रदर्शनाची जागा त्यांना दाखवायची आहे."

मी वास्तुविशारद आहे. जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करते आणि त्यातलं बरंचसं काम शिकागोच्या दक्षिण भागात झालं आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर नेहमी येतो, आणि तो नीट सोडवून घेतला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. यजमान शहरांबद्दलची बहुतेक चुकीची विधानं एकाच गोंधळातून निघतात: प्रदर्शनाच्या काळात जे घडलं ते प्रदर्शनामुळे घडलं, असं धरलं जातं. तारखा शेजारी शेजारी आल्या की कार्यकारणसंबंध आपोआप चिकटवला जातो.

म्हणून मी प्रत्येक गोष्टीला आधी एक चाळणी लावते. प्रदर्शन भरलं नसतं तरी हे झालं असतं का? आणि जे खरोखर प्रदर्शनामुळेच झालं, ते प्रदर्शन उठल्यावर कुणी सांभाळलं? शिकागोच्या बाबतीत माझं मत असं, की प्रदर्शनाने शहर घडवलं नाही. झपाट्याने वाढणाऱ्या शहराने प्रदर्शन पेललं, आणि त्यातलं जे टिकलं ते नंतर कुणीतरी जागेची आणि खर्चाची जबाबदारी घेतली म्हणून टिकलं. अर्थात "शहराचा फायदा" म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर कोण आहे, यावरही उत्तर अवलंबून आहे. मध्यवर्ती भागातला व्यापारी, हाइड पार्कमधला जमीनमालक, १८९३ च्या हिवाळ्यात बेकार झालेला सुतार, या तिघांचा हिशेब एक येत नाही.

आधीची परिस्थिती पाहू. ऑक्टोबर १८७१ च्या आगीत शहराचा मध्यभाग जळून खाक झाला आणि सुमारे एक लाख माणसं बेघर झाली. पण रेल्वेचे फाटे, धान्याच्या वखारी आणि कत्तलखाने यांचा व्यापार थांबला नाही. १८८० मध्ये ५ लाखांवर असलेली लोकसंख्या १८९० मध्ये जवळजवळ ११ लाख झाली. यातला काही भाग नवीन माणसांचा, तर काही १८८९ मध्ये आसपासची उपनगरं शहरात विलीन केली त्यांचा. ही विलीनीकरणाची गोष्ट लक्षात ठेवा. प्रदर्शन ज्या जॅक्सन पार्कात भरलं, ते पार्क हाइड पार्क नावाच्या टाउनशिपमध्ये, म्हणजे स्वतःचा वेगळा कारभार असलेल्या वस्तीत होतं. १८८९ पर्यंत ती जागा शिकागो शहराच्या हद्दीतच नव्हती.

सांडपाण्याचंही तसंच. शहराचं सांडपाणी नदीतून मिशिगन सरोवरात जायचं आणि पिण्याचं पाणी त्याच सरोवरातून यायचं, त्यामुळे विषमज्वराच्या साथी येत. नदीचा प्रवाह उलटा फिरवणाऱ्या कालव्याचं काम १८९२ मध्ये सुरू झालं. म्हणून काही लेखांत त्याचंही श्रेय प्रदर्शनाला दिलेलं दिसतं. पण हे काम करणारा सॅनिटरी डिस्ट्रिक्ट (सांडपाण्याचं काम पाहणारं मंडळ) १८८९ मध्येच स्थापन झाला होता, आणि कालवा वाहता झाला जानेवारी १९०० मध्ये, प्रदर्शन उठून सहा वर्षं झाल्यावर. प्रदर्शनातल्या लोकांसाठी मात्र विस्कॉन्सिनमधल्या झऱ्याचं पाणी नळाने आणलं गेलं आणि एका सेंटला एक पेला असं विकलं गेलं. पाहुण्यांची सोय प्रदर्शनाने केली, नागरिकांची सोय कालव्याने केली. दोन्ही कामं वेगळी होती.

यजमानपद मिळालं त्यातही शहराची आधीची ऐपत दिसते. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि सेंट लुइस स्पर्धेत होते. २४ फेब्रुवारी १८९० ला प्रतिनिधिगृहात मतदानाच्या आठव्या फेरीत शिकागोची निवड झाली. शिकागोकरांनी ५० लाख डॉलरचं भागभांडवल उभं केलं होतं, तर संसदेने आणखी तेवढेच मागितले, आणि तेही उभे राहिले. कोलंबसाच्या प्रवासाला ४०० वर्षं १८९२ मध्ये होत होती. उद्घाटनाचा समारंभ त्या ऑक्टोबरमध्ये उरकला, पण लोकांसाठी दारं उघडली १ मे १८९३ ला.

मधल्या काळातलं बांधकाम ही माझ्या पेशातली गोष्ट, म्हणून जरा थांबते. जॅक्सन पार्क म्हणजे तेव्हा वाळू आणि दलदल. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स या उद्यानरचनाकारांनी १८७१ मध्ये त्याचा आराखडा करून दिला होता, पण सरोवराकाठचा बहुतेक भाग तसाच पडून होता. ओल्मस्टेड पुन्हा आले आणि त्यांनी दलदलीशी भांडण केलं नाही. गाळ उपसून पाण्याचे मार्ग आणि तळी केली, आणि उपसलेल्या गाळावर उंच जागा तयार करून त्यांवर इमारती बसवल्या. बांधकामाचे प्रमुख डॅनियल बर्नहॅम. त्यांचे भागीदार जॉन रूट जानेवारी १८९१ मध्ये न्यूमोनियाने गेले, ओल्मस्टेडचे तरुण सहकारी हेन्री कॉडमन जानेवारी १८९३ मध्ये गेले, तरी काम थांबलं नाही.

संगमरवरी वाटणाऱ्या त्या पांढऱ्या इमारती कशाच्या होत्या? आत लाकूड-लोखंडाचा सांगाडा, बाहेरून "स्टाफ". प्लास्टर ऑफ पॅरिस, थोडं सिमेंट आणि तागासारखा धागा कालवून ते साच्यात ओतायचं, आणि निघालेले खांब, कमानी, पुतळ्यांचे भाग सांगाड्यावर खिळ्यांनी ठोकायचे. ओलं असताना ते करवतीने कापता यायचं. वरून दाबाच्या हवेने पांढरा रंग फवारला. उद्योग आणि कलांच्या मुख्य इमारतीची लांबी १,६८७ फूट आणि रुंदी ७८७ फूट होती. हे सगळं काही हंगाम तगावं एवढ्याच हिशेबाने बांधलेलं होतं. त्यामुळे "एवढं सुंदर शहर पाडलं कसं?" या प्रश्नाचं उत्तर असं, की ते ठेवण्यासाठी बांधलंच नव्हतं.

फेरिसच्या चाकाबद्दल, म्हणजे तिथल्या महाकाय आकाशपाळण्याबद्दल, तुम्ही वाचलं असेलच. उंची २६४ फूट, ३६ डबे, प्रत्येकात ६० माणसं, तिकीट ५० सेंट. ते नंतर शहराच्या उत्तर भागात नेलं, तिथून १९०४ च्या प्रदर्शनासाठी सेंट लुइसला, आणि १९०६ मध्ये तिथेच सुरुंगाने पाडलं. एकूण सुमारे २ कोटी ७० लाख प्रवेश नोंदले गेले. आगीच्या वर्षदिनी, ९ ऑक्टोबरला, एकाच दिवशी सात लाखांवर लोक आले.

माझ्या चाळणीतून "हो, हे प्रदर्शनामुळेच झालं" म्हणून जी गोष्ट सगळ्यात स्पष्ट निघते ती म्हणजे रेल्वे. शिकागोची पहिली उन्नत रेल्वे जून १८९२ मध्ये सुरू झाली. रस्त्यावरून रूळ न्यायचे तर दोन्ही बाजूंच्या मालकांची संमती लागायची, म्हणून कंपनीने इमारतींच्या मागच्या गल्लीतून खांब उभे केले. आजही याच मार्गावरच्या ग्रीन लाइनने दक्षिणेला गेलात तर घरांचे मागचे जिने आणि वाळत घातलेले कपडे खिडकीतून दिसतात, ते त्यामुळे. कंपनीने ही लाइन घाईघाईने ६३ व्या रस्त्यावरून थेट जॅक्सन पार्कपर्यंत नेली. पहिली गाडी तिथे पोचली १२ मे १८९३ ला, म्हणजे प्रदर्शन सुरू झाल्यावर अकरा दिवसांनी. सहा महिने गाड्या भरून धावल्या. मग प्रदर्शन उठलं, मंदी आली, प्रवासी आटले आणि १८९५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

इथे थांबलं तर ही नेहमीची अपयशाची कथा होते. पण नव्या व्यवस्थापनाने वाफेची इंजिनं काढून वीज आणायचं ठरवलं आणि १८९७ मध्ये फ्रँक स्प्रेग या अभियंत्याला काम दिलं. त्यांची कल्पना अशी, की गाडी ओढायला वेगळं इंजिन नकोच. डब्यांखालीच मोटारी बसवायच्या आणि पुढच्या डब्यातल्या एकाच चालकाने त्या सगळ्या एकत्र चालवायच्या. ही पद्धत पहिल्यांदा याच लाइनवर वापरात आली. फेब्रुवारी १९२५ मध्ये बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली ती याच तत्त्वावर, आणि आजची आपली लोकलही त्यावरच चालते. याचं श्रेय प्रदर्शनाला द्यायचं का? मी देत नाही. प्रदर्शनाने कंपनीला गरजेपेक्षा लांब लाइन दिली आणि अडचणीत आणलं. त्यातून मार्ग काढायचा निर्णय नंतरच्या माणसांचा. ६३ व्या रस्त्यावरचा शेवटचा तुकडा १९९७ मध्ये पाडून टाकला. आता गाडी कॉटेज ग्रोव्हला संपते, पार्कापासून मैलभर अलीकडे.

हिवाळ्याची बाजूही सांगायला हवी, कारण माहितीपत्रकांत ती क्वचित येते. १८९३ मध्ये देशभर आर्थिक अरिष्ट आलं. प्रदर्शन चालू होतं तोवर शिकागोला त्याची धग कमी लागली, कारण बाहेरचा पैसा येत होता. पण बांधकामासाठी आलेले हजारो कामगार इथेच राहिले होते. २८ ऑक्टोबरला महापौर कार्टर हॅरिसन यांचा त्यांच्या घरी खून झाला, समारोपाचा सोहळा रद्द झाला, आणि दोन दिवसांनी दारं बंद झाली. त्या थंडीत बेघर माणसं नगरपालिकेच्या इमारतीतल्या बोळांत झोपत होती, आणि प्रदर्शनाच्या रिकाम्या इमारतींतही. जवळच रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन यांची कामगारांसाठीची आदर्श वसाहत होती. उन्हाळ्यात तीच पाहुण्यांना कौतुकाने दाखवली गेली होती. तिथे पगार कापले, घरभाडं मात्र तेवढंच ठेवलं. मे १८९४ मध्ये संप झाला, तो देशभर पसरला, सैन्य आलं. जुलैमध्ये, संपाच्या ऐन धामधुमीत, प्रदर्शनाच्या मुख्य इमारती जळाल्या. पुलमनची वसाहत आज राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. प्रदर्शनाची जागा पाहायला जाणाऱ्याने तीही पाहावी असं मला वाटतं, कारण हा त्याच गोष्टीचा उरलेला अर्धा भाग आहे.

आणि कोणाला आत जागा नव्हती? कृष्णवर्णीय अमेरिकनांना आयोजनात जवळजवळ स्थान नव्हतं. गुलामगिरीविरोधी चळवळीतले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस प्रदर्शनात होते, पण हैतीच्या दालनाचे प्रतिनिधी म्हणून; आपल्याच देशाचे म्हणून नव्हे. आयडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार महिलेने त्यांच्यासोबत निषेधाची पुस्तिका काढून तिथेच वाटली. वेल्स मग शिकागोतच स्थायिक झाल्या. २०१९ पासून शहराच्या मध्यभागातला एक मोठा रस्ता त्यांच्या नावाने ओळखला जातो. या शहराला प्रदर्शनाच्या निमित्ताने मिळालेल्या माणसांत मी त्यांचं नाव पहिलं घेईन.

आता उरलेल्या इमारतीकडे येऊ. पार्काच्या उत्तर टोकाला ललितकलांचं दालन होतं. युरोपातून मौल्यवान चित्रं उसनी आणायची, तर आगीची भीती असलेल्या लाकडी सांगाड्यात ती कोण देणार? म्हणून या एका इमारतीच्या भिंती विटांच्या केल्या. बाहेरचं आवरण मात्र इतरांसारखं प्लास्टरचंच. त्या विटांमुळे ती वाचली. १८९४ मध्ये व्यापारी मार्शल फील्ड यांच्या १० लाख डॉलरच्या देणगीतून तिथे संग्रहालय सुरू झालं. १९२० मध्ये ते नव्या जागी हललं आणि इमारत ओस पडली. त्या काळातले फोटो पाहिलेत तर खांबांचं प्लास्टर गळून आतली वीट उघडी पडलेली दिसते. ती पाडायची चर्चा होती. स्थानिक महिला मंडळं आणि वास्तुविशारदांची संघटना यांनी मोहीम चालवली, नागरिकांनी मतदानाने ५० लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मान्यता दिली, आणि सिअर्स कंपनीचे ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी म्युनिकच्या विज्ञान संग्रहालयाच्या धर्तीवर इथे संग्रहालय करायला मोठी देणगी देऊ केली. प्लास्टर उतरवून तीच रचना चुनखडीच्या दगडात पुन्हा उभी केली. १९३३ मध्ये विज्ञान आणि उद्योग संग्रहालय उघडलं. रोझेनवाल्ड आदल्या वर्षीच वारले होते.

त्यामुळे तुम्ही तिथे जाल तेव्हा जो दर्शनी भाग पाहाल तो १८९३ चा नाही, १९३० च्या सुमाराचा आहे. रूप पहिल्याचं, दगड दुसऱ्याचा. जतनाच्या दृष्टीने हे खरं की खोटं, यावर माझ्या पेशात वाद आहेत. मला विचाराल तर ही शहराने केलेली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट आहे. लोकांनी कर भरून ठरवलं, की हे आम्हाला हवं आहे.

बर्नहॅम यांच्या १९०९ च्या शहर आराखड्याबद्दलही तुम्ही वाचाल, की तो प्रदर्शनातून जन्मला. माणसं, आत्मविश्वास आणि रेखीवपणाची आवड तिथून आली, हे मान्य. पण शिकागोचा सरोवराचा काठ मोकळा राहिला तो आराखड्यामुळे कमी आणि कोर्टामुळे जास्त. टपालाने माल विकणारे व्यापारी माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८९० पासून वीस वर्षं खटले लढवले. त्यांचा आधार होता १८३६ च्या नकाशावरची नोंद: ही जमीन कायम मोकळी, इमारतींविना राहील. याच काठावरच्या ग्रँट पार्कात संग्रहालय बांधायचा बर्नहॅम यांचा बेतसुद्धा त्यांनी अडवला, म्हणून फील्ड संग्रहालय दक्षिणेला भराव घातलेल्या जमिनीवर गेलं. त्या काळी लोकांनी वॉर्डना विकासाचा शत्रू ठरवलं. आज रविवारी त्या हिरवळीवर बसणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्यांचं नाव माहीत असतं.

दुसरं प्रदर्शन १९३३-३४ मध्ये, महामंदीच्या तळाशी, सरोवरात भराव टाकून केलेल्या नॉर्दर्ली आयलंडवर आणि आसपास भरलं. त्याने आपले कर्जरोखे फेडले. तिसरं १९९२ मध्ये व्हायचं होतं, कोलंबसाची पाचशे वर्षं म्हणून. १९८५ मध्ये शहराने ते सोडून दिलं, कारण राज्याच्या विधिमंडळाला खर्चाचा हिशेब पटला नाही आणि नागरिकांच्या गटांनी जागेबद्दल, विस्थापनाबद्दल कसून प्रश्न विचारले. शहराचं काही अडलं नाही. शिकागोच्या झेंड्यावरच्या चार ताऱ्यांपैकी दोन प्रदर्शनांचे आहेत, एक आगीचा आणि एक फोर्ट डिअरबॉर्न या जुन्या किल्ल्याचा. नाकारलेल्या प्रदर्शनालाही त्या इतिहासात तितकीच जागा असावी असं मला वाटतं.

आता आई-बाबांचा दिवस. सभागृह जॅक्सन पार्कात शोधू नका. सर्वधर्म परिषद ११ ते २७ सप्टेंबर १८९३ ला मध्यवर्ती भागात, मिशिगन अव्हेन्यूवर भरली. प्रदर्शनाची जागा तिथून साधारण अकरा किलोमीटर दक्षिणेला. ती इमारत म्हणजे आजचं आर्ट इन्स्टिट्यूट हे कलासंग्रहालय. परिषदेसाठी मुख्य इमारतीला जोडून तात्पुरती सभागृहं केली होती आणि विवेकानंद त्यांतल्या कोलंबस सभागृहात बोलले. ते नंतर काढून टाकलं. त्यामुळे "तो मंच" पाहायला मिळणार नाही, हे त्यांना आधीच सांगा, म्हणजे विरस होणार नाही. इमारत मात्र तीच आहे, आणि समोरच्या रस्त्याला विवेकानंदांच्या नावाची मानाची पाटी आहे. २०१० मध्ये ११ सप्टेंबरला तिथल्या मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर मुंबईचे चित्रकार जितिश कल्लाट यांनी विवेकानंदांच्या त्या भाषणाचे शब्द रंगीत दिव्यांत मांडले होते. ती मांडणी कायमची नव्हती, पण जिना चढताना आई-बाबांना हे जरूर सांगा. विवेकानंद ३१ मे ला मुंबईहूनच जहाजात बसले होते. आणि त्या परिषदेत मुंबईची आणखीही माणसं होती: जैन धर्मावर बोललेले वीरचंद गांधी, भारतातल्या समाजसुधारणेवर बोललेले ब्राह्मो समाजाचे बी. बी. नगरकर, आणि जीन सोराबजी. घरी ही नावं बहुधा कुणी घेतलेली नसतील.

सकाळी आर्ट इन्स्टिट्यूट करा. तिथून मेट्रा इलेक्ट्रिकची लोकल पकडून ५५-५६-५७ व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरा. याच रेल्वेचे रूळ प्रदर्शनासाठी जमिनीवरून उचलून भरावावर घेतले होते. खालून रस्ते जातात ते त्यामुळे. स्टेशनपासून विज्ञान संग्रहालय चालत दहा मिनिटांवर आहे. आत गेलात तर दिवस तिथेच संपेल. म्हणून आधी इमारतीच्या मागच्या बाजूने, तळ्याकडून, तिला पाहून घ्या, आणि पुढे बेटावरच्या जपानी बागेत जा. १८९३ चं जपानी दालन तिथेच होतं. ते १९४६ मध्ये जळालं. आणखी दक्षिणेला सोनेरी पुतळा आहे, तो प्रदर्शनातल्या ६५ फुटी मूळ पुतळ्याची १९१८ मध्ये केलेली २४ फुटी प्रतिकृती. एवढं चालणं गुडघे दुखणाऱ्यांना जड जातं, तेव्हा पुतळ्यासाठी गाडी करा. सप्टेंबरात सरोवरावरून वारा येतो, पातळ स्वेटर बरोबर असू द्या.